ओक ट्री रोडवरचे पांढरे दिवे

एडिसन, न्यू जर्सी
१४ मार्च २००४

चि. ज्ञानदा,

तुझ्या खोलीत आता दिवे राहतात. तू चँडलरला गेलीस त्याच आठवड्यात ह्यांनी पलंग भिंतीला उभा केला आणि खोलीभर खोकी मांडली. मी काही बोलले नाही. टेलिफोनच्या कंपनीतून ह्यांना काढलं तेव्हापासून सकाळी उठून दाढी करावी असं एकही काम ह्यांच्याकडे नव्हतं, ते तू पाहिलंच आहेस. आता लवकर उठतात, दाढी करतात आणि जिना चढून 'कामावर' जातात.

काम काय ते सांगते. ओक ट्री रोडवरच्या सोनारांच्या शोकेसमध्ये हॅलोजनचे दिवे असतात ना, त्यांचा ताप फार. काचेला हात लावला तर चटका बसतो. मी ज्या साडीच्या दुकानात उभी असते त्याच्या शेजारच्या सोनाराकडची पोरगी जानेवारीतसुद्धा घामाघूम होते. ह्यांनी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर एलईडीची रांग बसवली, वर दुधी आवरण लावलं आणि त्या सोनाराला म्हणाले, लावून बघा, नाही आवडलं तर काढून नेतो. हिरे असे चमकायला लागले की बायका रस्त्यावरून आत शिरायला लागल्या. सोनं मात्र त्या उजेडात फिकं दिसतं, आजारी माणसासारखं. मग सोन्यासाठी ह्यांनी पट्टीवर पिवळसर फिल्म चिकटवून पाहिली. ते जमलं. आता आणखी दोघा सोनारांनी मागवलेत.

मनोहरभावोजींना ह्यात ओढायचं ह्यांनी खूप पाहिलं. दोघं मित्र एका विमानानं ह्या देशात आले, सुरुवातीला एका खोलीत राहिले, मग धंदा एकट्यानं कसा करायचा असं ह्यांना वाटतं. पण भावोजी ज्या पार्ट्सच्या कंपनीत आहेत ती अस्सल जपानी माल विकते. ते म्हणाले, "एकनाथ, हे तैवानचे एलईडी घेऊ नकोस, नक्कल आहेत. उद्या कोणी विचारलं तर काय सांगशील?" हे चिडले. "तू मालकाची भाषा बोलतोस," म्हणाले. मी चहा टाकला, दोघांना बसवलं, आणि मिटलं.

वेगळ्या पार्सलनं एक दिवा पाठवलाय. ह्यांचा निरोप आहे, तुझ्या जपानी साहेबांना दाखव, म्हणावं बघा आमच्या काकांचं काम.

तू पण पत्रच लिही. ई-मेलमधलं इंग्रजी अक्षरांतलं मराठी मला वाचवत नाही. आणि फोनवर आपण काही बोलायला लागलो की हे खालच्या फोनवरून ऐकत असतात.

तुझी,
सीमाकाकू


चँडलर, ॲरिझोना
४ एप्रिल २००४

प्रिय सीमाकाकू,

माझ्या खोलीत दिवे राहतात हे वाचून बरं वाटलं. तुमच्याकडे दोन महिन्यांसाठी म्हणून आले आणि एम.एस. होईपर्यंत राहिले, तेव्हा ती खोली भाड्याची असती तर मला परवडली नसती. इथे अपार्टमेंट मोठं आहे, पण स्वयंपाकघरात कोणी नसतं. गरम तर आत्तापासूनच व्हायला लागलंय. दुपारी गाडीचं स्टिअरिंग फडक्यानं धरावं लागतं.

काम आवडतंय. तुम्ही फोनवर विचारलं होतं, कंपनी नक्की काय करते. आमची मिझुहारा केमिकल्स मुळात ट्यूबलाइटच्या आतली पांढरी पावडर बनवायची. जपानात डोंगराच्या पायथ्याशी एक लहान गाव आहे, गावातला प्रत्येक दुसरा माणूस त्या कारखान्यात. पुढे एलईडी आले. पांढरा एलईडी खरं म्हणजे पांढरा नसतोच, काकू. आत निळा दिवा असतो आणि त्यावर पिवळ्या पावडरीचा बारीक थर. दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. ती पावडर आमची. कंपनीचं सगळं त्या पावडरीवर उभं आहे, आणि मी त्याच पावडरीच्या लॅबमध्ये आहे.

माझे बॉस ओकुमुरा-सान फार कमी बोलतात. चूक झाली तर ओरडत नाहीत, फक्त "हं" म्हणतात, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट असतं.

काकांचा दिवा पोचला. ऑफिसात नेला. सगळ्यांना आवडला. ओकुमुरा-सान दुधी आवरणावरून बोट फिरवून म्हणाले, फार नीट काम आहे. त्यांनी विचारलं, ह्यातले एलईडी कुठून घेतले? काकांना विचाराल का, तैवानच्या कुठल्या कारखान्याचे? घाई नाही, सहज.

मनोहरकाका आणि अहिल्यामावशींना नमस्कार.

तुमची,
ज्ञानदा


एडिसन
२ मे २००४

चि. ज्ञानदा,

तुझं पत्र ह्यांनी चारदा वाचलं. "फार नीट काम आहे" हे वाक्य मनोहरभावोजींना फोन करून ऐकवलं, आणि वर म्हणाले, "बघ, ज्यांचा माल अस्सल ते असं म्हणतात." भावोजी हसले. त्यांचा स्वभाव तसाच आहे.

कारखान्याचं नाव आणि पत्ता ह्यांनी वेगळ्या कागदावर लिहिलाय, सोबत आहे. कुठल्या दुकानात किती पट्ट्या लावल्या तेही लिहिलंय. मी म्हटलं, एवढं कशाला, तिनं नुसतं नाव विचारलंय. तर म्हणाले, "जपानी माणूस उगाच विचारत नाही. उद्या त्यांना न्यू जर्सीत एजंट हवा असेल."

आता निम्म्या ओक ट्री रोडवर आपले दिवे आहेत. परवा रात्री जेवण झाल्यावर मला म्हणाले, चल फिरून येऊ. गाडी काढली आणि रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालवत नेली. मागचे हॉर्न देत होते. दुकानं बंद होती पण शोकेस चालू होत्या. हे प्रत्येक काचेकडे बोट दाखवून "हे आपलं, हेही आपलं" म्हणत होते. एवढं लहान मूल झालेलं मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तुझी,
सीमाकाकू


एडिसन
२६ सप्टेंबर २००४

चि. ज्ञानदा,

उन्हाळाभर तुझं पत्र नाही. फोनवर तू ह्यांच्याशी बोललीस तेवढंच. कामात असशील.

ऑगस्टमध्ये तुझ्या कंपनीची नोटीस आली तेव्हा ह्यांनी तुला पहिला फोन लावला, ते मी शेजारी बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "ज्ञानदा म्हणते बघते, पण लीगलचं खातं वेगळं असतं, तिच्या हातात नाही." तुझ्यावर ह्यांचा काडीचा राग नाही. उलट म्हणाले, पोरीला नवी नोकरी, तिला अडचणीत कशाला घालायचं.

पुढचं तुला फोनवर सांगितलं नाही, म्हणून लिहिते. वकिलानं सांगितलं, भांडण्यात अर्थ नाही, माल नकलीच आहे. सगळे दिवे काढायचे आणि त्यांच्या ताब्यात द्यायचे. माणूस लावून काढता आले असते. हे म्हणाले, मी लावले, मीच काढीन. शिडी घेऊन एकेका दुकानात गेले. आमच्या दुकानासमोरच्या सोनाराकडे गेले तेव्हा आत गिऱ्हाईक होतं, लग्नाची खरेदी चालली होती. मालक म्हणाले, "देवस्थळी, थोडा वेळ थांबा." हे शिडी धरून फुटपाथवर उभे राहिले. मी साड्यांच्या घड्या घालत काचेतून बघत होते. बाहेर जाऊन जवळ उभं राहावं असं वाटलं, पण मी गेले तर ह्यांना जास्त लागेल म्हणून नाही गेले. एक म्हातारा सोनार मात्र चक्क म्हणाला, "चोरीचा माल होता तर आधी सांगायचंत."

पण सगळ्यात वाईट ते नाही. हे म्हणतात, आपल्यासारख्या लहान माणसाचं नाव जपानपर्यंत गेलं कसं? कोणीतरी सांगितल्याशिवाय जात नाही. आणि माल नकली आहे हे आधीपासून एकाच माणसाला माहीत होतं, तो अस्सल माल विकतो.

मंडळाच्या गणपतीला शाळेच्या हॉलमध्ये आरतीला सगळे जमलेले. मनोहरभावोजी तबक घेऊन फिरत होते. ह्यांच्यापुढे आले. ह्यांनी ज्योतीवरून हात फिरवला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोटावर पाय द्यायचाच होता, तर समोर उभं राहून द्यायचास." भावोजींना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी तबक शेजारच्याच्या हातात दिलं, अहिल्येला हाक मारली आणि दोघं निघून गेली. प्रसादसुद्धा घेतला नाही.

तू ह्यांना समजावून एक फोन कर. तुझं ऐकतात.

सीमाकाकू


चँडलर
९ ऑक्टोबर २००४

काकू,

हे पत्र मी साडीच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. काकांच्या हातात पडू नये म्हणून. ह्यावरून तुम्हाला कळलंच असेल.

मनोहरकाकांनी काही केलेलं नाही. ते मी केलं.

दिवा मी ऑफिसात नेला तो काकांच्या सांगण्यावरूनच, दाखवायला. इथपर्यंत मी खरी आहे. त्याच आठवड्यात एक मीटिंग होती. जपानहून कंपनीचे वकील आले होते. पूर्व किनाऱ्यावर आमच्या पावडरीची नक्कल करून बनवलेले एलईडी विकले जाताहेत असा त्यांना संशय होता, पण हातात एकही नमुना नव्हता. कोणाकडे काही आहे का, असं त्यांनी विचारलं. सगळे गप्प. मी नवीन होते, माझं नावसुद्धा कोणाला धड घेता येत नव्हतं. मी हात वर केला.

दिवा उघडला मीच. एक एलईडी सोडवून यंत्राला लावला तोही मीच. त्याच्या उजेडाची रेघ पडद्यावर आली आणि आमच्या पावडरीच्या रेघेवर अशी बसली की दोन रेघा आहेत हे दिसेना. ओकुमुरा-सान मागे उभे होते. ते "हं" म्हणाले नाहीत. "गुड" म्हणाले. काकू, खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला आनंद झाला.

मग त्यांनी मला कारखान्याचं नाव काढायला सांगितलं. ते कशासाठी, हे मला माहीत होतं. तरी मी तुम्हाला "घाई नाही, सहज" असं लिहिलं. मला वाटलं तैवानच्या कारखान्याला धरतील, एका गॅरेजएवढ्या धंद्याकडे कोण बघतंय. असं खरंच वाटलं. पण असं वाटून घेणं सोयीचंही होतं. काकांनी दुकानांची नावं लिहिलेला कागद आला तेव्हा मी तो द्यायला नको होता. कारखान्याचं नाव वेगळं उतरवून देता आलं असतं. मी अख्खा कागद दिला.

ऑगस्टमध्ये काकांचा फोन आला तेव्हा मी पार्किंगमध्ये होते. "लीगलचं खातं वेगळं" म्हणाले आणि गाडीत बसून राहिले. बाहेर एवढं ऊन होतं तरी ए.सी. लावायचं सुचलं नाही.

मी काकांना फोन करून सांगते. फक्त आधी तुम्हाला सांगावं असं वाटलं. तुमचं पत्र आलं की लगेच करते.

ज्ञानदा


एडिसन
१७ ऑक्टोबर २००४

ज्ञानदा,

दुकानात गिऱ्हाईक समोर असताना तुझं पत्र उघडलं. बाईंना पैठणी दाखवत होते. पुढे काय दाखवलं, काय बोलले, आठवत नाही.

तुला काय म्हणावं मला कळत नाही. माझ्या ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटायला शिकलीस तू. परीक्षा असली की हे तुझ्या डब्यात स्वतः केळं ठेवायचे. त्या माणसाचा दिवा तू फोडलास आणि तुला आनंद झाला. हे तू लिहिलं नसतंस तर बरं झालं असतं.

दोन दिवस तुझ्यावर जळफळत होते. मग शांत झाल्यावर विचार केला, आणि आता मी सांगते ते ऐक.

ह्यांना सांगायचं नाही. फोन करायचा नाही.

ह्यांनी गेल्या सोमवारपासून एका मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात नोकरी धरली आहे. बल्बच्या विभागात उभे असतात. ज्या माणसानं टेलिफोनची एक्स्चेंज उभी केली तो आता लोकांना साठचा बल्ब की शंभरचा ते सांगतो. तरी घरी येऊन म्हणतात, ज्ञानदाचं तरी चांगलं चाललंय. आम्हाला मूल नाही. तू आलीस तेव्हापासून ह्यांच्या लेखी ह्या घरात एकच गोष्ट नीट झाली, ती तू. तीही काढून घेऊ?

राहता राहिले मनोहरभावोजी. त्यांचं मन मोठं आहे. पुरुषांची भांडणं, वर्षभरात विसरतील. दोघांना चहाला बसवायचं काम माझं. मी करीन.

तुझं पत्र मी फाडून दुकानाच्या कचऱ्यात टाकलं. तू आता ह्यावर काही लिहू नकोस.

सीमाकाकू


चँडलर
२३ जानेवारी २००५

काकू,

तुम्ही सांगितलं तसं मी गप्प आहे. संक्रांतीला काकांशी फोनवर बोलले. त्यांनी विचारलं, ओकुमुरा-सान कसे आहेत. मी म्हटलं, बरे आहेत. त्यांनी मला "जीव लावून काम कर" म्हटलं.

तैवानच्या कारखान्यानं कंपनीशी तडजोड केली. त्यांना परवाना मिळाला, आता तेच एलईडी ते उजळ माथ्यानं विकतात. काकांनी एक वर्ष थांबून घेतले असते तर कोणी काही म्हटलं नसतं. डिपार्टमेंटच्या जेवणात माझं कौतुक झालं. मला जेवण गेलं नाही, पण मी उठून टाळ्यांना मान लववून आले. तेही सांगायला हवं.

मनोहरकाका येतात का घरी? एवढं एकच सांगा.

ज्ञानदा


एडिसन
१९ जून २००५

चि. ज्ञानदा,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर इतके महिने दिलं नाही, कारण ते 'नाही' असं होतं. मी दोनदा भावोजींना चहाला बोलावलं. पहिल्यांदा म्हणाले, काम आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, "वहिनी, त्यानं बोलावलंय की तुम्ही?" मी काही बोलले नाही, तर म्हणाले, मग राहू दे. त्यांनी मंडळ सोडलं. पंधरा वर्षं खजिनदार होते. लोक आता उघड म्हणतात, काही असल्याशिवाय माणूस असा गप्प बसत नाही.

गेल्या शनिवारी अहिल्या दुकानात आली. तिच्या रुहीचं लग्न ठरलंय, ऑगस्टमध्ये. एवढी दुकानं सोडून माझ्याच काउंटरला आली. मी साड्या दाखवत गेले, ती "छान आहे, छान आहे" म्हणत गेली, एकीलाही हात लावला नाही. मग म्हणाली, "सीमा, मला एकच सांग. तुला खरंच वाटतं आमच्या ह्यांनी ते केलं?"

मी घडी घालत होते. कोपरे जुळवले. म्हटलं, "मला काय कळतंय गं त्यातलं."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग एक साडी उचलली, कुठलीही, आणि म्हणाली, ही बांध. पत्रिका काउंटरवर ठेवली. "या दोघं," म्हणाली. दारापर्यंत जाऊन पुन्हा वळली आणि म्हणाली, "रुहीला तू न्हाऊ घातलंयस. तिच्यासाठी तरी ये."

पत्रिका ह्यांनी बघितली आणि टेबलावरच ठेवली. जाणार नाहीत. ते नाहीत म्हणून मीही जायची नाही.

तुला का लिहितेय कळत नाही. हे सांगायला मला दुसरं कोणी नाही, म्हणून असेल. तू सुखी राहा.

सीमाकाकू


चँडलर
२८ जून २००५

काकू,

मी येतेय. शुक्रवारी, आठ तारखेला रात्रीचं विमान आहे, शनिवारी सकाळी घरी पोचते. काकांना सांगणार आहे. तुम्ही नको म्हणालात तरी सांगणार आहे, म्हणून आधी कळवते. तुम्हाला ह्यात ओढणार नाही, काळजी करू नका.

काकांना फक्त एवढंच सांगा की मी भेटायला येतेय.

ज्ञानदा


एडिसन
१७ जुलै २००५

चि. ज्ञानदा,

तू विमानतळावर परत गेलीस त्याला आठवडा झाला. तू गेल्यावर काय झालं ते तुला कळायला हवं, आणि आणखी एक गोष्ट तुला नाही, दुसऱ्याच माणसाला कळायला हवी आहे. ती शेवटी लिहिते.

तू बोलत होतीस तेव्हा हे पोह्यांच्या बशीकडे बघत होते. तू रडली नाहीस, ते बरं केलंस. रडली असतीस तर ह्यांनी तुलाच समजावलं असतं आणि सगळं तिथेच राहिलं असतं. तू सगळं सांगितलंस, मीटिंग, यंत्र, कागद, फोन. शेवटी ह्यांनी एवढंच विचारलं, "सीमाला माहीत होतं?"

आणि तू म्हणालीस, "नाही."

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. मी कप ठेवले आणि साखर आणायला आत गेले. साखर टेबलावरच होती.

तू टॅक्सीत बसलीस तेव्हा हे खिडकीशी उभे होते. हात केला नाही. मग किल्ल्या घेतल्या आणि एकटेच मनोहरभावोजींकडे गेले. परत आले तेव्हा अंधार पडला होता. तिथं काय झालं हे ह्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही, परवा सांगितलं.

दार भावोजींनीच उघडलं. आत मांडवाच्या, फुलांच्या याद्या चालल्या होत्या. अहिल्या उठून आत गेली. ह्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं की माझी चूक झाली, तू नव्हतास, मला आज कळलं. कोण होतं ते सांगितलं नाही. तुझं नाव घेतलं नाही, हे तुला कळावं. भावोजींनीही विचारलं नाही. ते म्हणाले, "बसा ना. चहा घ्या."

हे म्हणतात, मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तीस वर्षांत त्या माणसानं ह्यांना कधी अहो-जाहो केलं नव्हतं. हे म्हणाले, "मनोहर, हे काय?" तर भावोजी म्हणाले, "तुम्ही माफी मागताय, ती मी घेतली. मनापासून घेतली. पण त्या दिवशी हॉलमध्ये मला कळलं की मी असं करू शकतो असं तुम्हाला वाटतं. कोणी केलं हे आज तुम्हाला कळलं म्हणून, मला जे कळलं ते पुसलं जात नाही." मग चहा आला. दोघांनी घेतला. भावोजी गाडीपर्यंत सोडायला आले, पाहुण्याला येतात तसे.

हे रोज बल्बच्या दुकानात जातात, येतात, जेवतात. तुझ्याबद्दल एकदाच बोलले. म्हणाले, "तिनं निघताना नोकरी सोडते म्हटलं, मी नको म्हटलं. सोडून कोणाचं भलं होणार आहे?" आणि काल रात्री म्हणाले, "सीमा, एक बरं आहे. ह्या सगळ्यात तू तरी स्वच्छ आहेस."

ज्ञानदा, मी रात्रभर जागी होते. तू हात वर केलास तेव्हा तू तरुण होतीस, परक्या लोकांत होतीस. मी साठीला आले, माझ्या माणसांत होते, माझ्या काउंटरला होते, आणि अहिल्या समोर उभी राहून विचारत होती. तुझं पत्र आलं तेव्हाच एक वाक्य बोलले असते तर तो माणूस ऑक्टोबरातच मोकळा झाला असता. तेव्हा त्यानं ह्यांना 'तू'च म्हटलं असतं. मला वाटलं मी नवऱ्याला जपतेय. मी माझं घर जपत होते, त्यातल्या तुझ्यासकट, आणि भावोजींचं घर त्याच्या बदल्यात दिलं. तू मला वाचवायला खोटं बोललीस. ते मला पेलवत नाही.

म्हणून हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. आत्ता हे बाहेरच्या खोलीत बसलेत. त्यांच्या हातात देणार आहे आणि समोर बसणार आहे. त्यांनी वाचलं, तरच तुला मिळेल.

सीमाकाकू

ज्ञानदा,

वाचलं. दोनदा. सीमा समोर बसली आहे. मी तिला काही बोललो नाही. शब्द आले होते, पण गेल्या वर्षी मनोहरला जे बोललो तेही असेच पटकन आले होते.

मी तिला विचारलं, रुहीच्या लग्नाला येशील का. ती म्हणाली, कुठल्या तोंडानं. मी म्हटलं, जे आहे त्या. उद्या संध्याकाळी आधी दोघं अहिल्यावहिनींकडे जाऊन येतो. सीमाला त्यांना स्वतः सांगायचं आहे. त्यांनी दार लावून घेतलं तर परत येऊ. मनोहर मला 'तुम्ही' म्हणाला तरी मी लग्नात वाढायला उभा राहणार आहे.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो जाईल असं उगाच लिहीत नाही. दिवाळीला ये म्हणावं की नाही, तेही आज सांगता येत नाही. तू विचार. आणि ह्यापुढे पत्र घरच्या पत्त्यावर पाठव.

एकनाथकाका